डाव्या फाट्यातला कलकलाट

१

गुहेच्या डाव्या फाट्यात, खोल खड्ड्याच्या तळाशी अण्णा सापडले तेव्हा त्यांचा दिवा कमरेच्या पट्ट्यालाच अडकवलेला होता. बंद. कुणीतरी बटण दाबून पाहिलं, तर तो लख्ख पेटला.

"दिवा चांगला असताना माणूस काळोखात चालत जातो का?" उद्यानाचे अधीक्षक म्हणाले. "तेही तीस वर्षं वाटाड्या म्हणून काम केलेला माणूस?"

इन्स्पेक्टरबाईंनी मान हलवली आणि खुर्ची जराशी फिरवून अधीक्षकांच्या डाव्या अंगाला घेतली. त्या आताच येऊन पोचल्या होत्या, आधी छोट्या विमानाने आणि मग नावेतून नदीने वर. विश्रामगृह लाकडी खांबांवर उभं होतं. खालून ओल्या मातीचा वास येत होता. व्हरांड्याच्या कठड्यावर पर्यटकांचे बूट उलटे करून वाळत घातलेले होते, पण त्या हवेत ते वाळण्याचं काही लक्षण नव्हतं. समोर झाडांची भिंत, अशी दाट की दुपारीही तिच्या बुडाशी संध्याकाळ होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पडून गेले. डोक्याला मार. घसरले की ढकलले, ते अंगावरून कळत नाही म्हणतात." अधीक्षकांनी आवाज खाली आणला. "पण आणखी एक गोष्ट आहे. डाव्या फाट्याच्या तोंडाशी आडवी दोरी बांधलेली असते. आत कुणी जाऊ नये म्हणून अण्णांनी स्वतः बांधली होती. काल सकाळी ती सोडून जमिनीवर टाकलेली होती."

"त्यांचं कुणाशी वाकडं होतं?"

अधीक्षक घुटमळले. "माझ्याशी मागच्या आठवड्यात वाजलं होतं, ते तुम्हाला कुणीही सांगेल. पण खरं वाकडं भावाशी. सख्खा धाकटा भाऊ. दोन वर्षं बोलणं नाही. शेवटचं बोलला ते इथेच जेवणघरात, सगळ्यांदेखत. 'दादा, तुझ्या या हट्टापायी एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार आहे.'"

"कुठे असतो हा भाऊ?"

"अहो, तुम्हाला आत्ता नावेतून घेऊन आला, तोच की."

२

नावाडी धक्क्यावर नाव उलटी करून तिचं बूड खरवडत होता. वाटेत तो चकार शब्द बोलला नव्हता. बाईंना तो अबोल वाटला होता. आता जवळून पाहिलं तर डोळे सुजलेले होते.

"मीच मारलं असतं तर मीच शोधायला गेलो असतो का, बाई?"

"कितीतरी जण जातात," बाई म्हणाल्या. "काल काय झालं ते सांगा."

त्याने खरवडणी खाली ठेवली. "रात्रभर पाऊस होता. पावसानंतर गुहेत पाणी किती चढलंय ते वाटाड्याने आधी जाऊन बघायचं, मग पर्यटकांना न्यायचं, असा नियम आहे. दादा उजाडताच गेला. पर्यटक येऊन ताटकळले तरी परत नाही. मग पुतणी धावत आली. मला म्हणाली, 'काका, बाबा अजून आले नाहीत.' दोन वर्षांत पहिल्यांदा मला काका म्हणाली ती."

"मग?"

"मी आणि पाकोळी मास्तर आत गेलो."

"हे मास्तर कोण?"

"संशोधक आहेत. गुहेत घरटी करणाऱ्या पाकोळी पक्ष्यांचा अभ्यास करतात आणि जेवताना आम्हाला शिकवतात, म्हणून मास्तर. आत गेलो तर दोरी खाली. डावीकडे पाकोळ्यांचा नुसता कलकलाट. म्हटलं, आमच्या उजेडाने बिथरल्या असतील. पुढे खड्डा, आणि खाली…" त्याने नावेचं बूड उगाच चाचपलं. "मी उतरलो. दादाचा हात गार पडला होता. मास्तरांना तिथे बसवलं आणि माणसं आणायला पळालो."

"दोन वर्षांपूर्वी भांडण कशावरून झालं?"

"ते आमच्या घरातलं आहे."

"तुमचा भाऊ गेलाय. आता घरातलं आणि बाहेरचं असं काय राहिलं?"

नावाडी उठला, खरवडणी उचलली आणि पुन्हा नावेला भिडला. "तुम्ही गुहा बघून या," पाठमोराच तो म्हणाला. "मग विचारा."

३

गुहेकडे घेऊन जायला अण्णांची लेक आली. तीही वाटाड्याचंच काम करायची. अंगात भडक पिवळा रेनकोट, पायांत मोठे बूट. लाकडी पुलावरून ती पुढे चालू लागली, तसे त्या बुटांचे दणदण आवाज निघू लागले. वर फांद्यांमधून एक मोठा पक्षी गेला असावा, कारण लेकीने चटकन मान वर केली.

"धनेश," ती म्हणाली. "ऐकलंत ना पंख?"

"हो तर," बाई म्हणाल्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

गुहेचं तोंड एखाद्या देवडीसारखं उंच होतं. आत दोन वळणं घेतल्यावर बाहेरचा उजेड संपला आणि एक मोठी पोकळी लागली, सभागृहाएवढी. भिंती दिव्याच्या टप्प्यात येईनात. पोकळीच्या पलीकडे दोन फाटे होते.

"उजवीकडे पाकोळ्यांची वस्ती आहे," लेक म्हणाली. "पर्यटकांना तिकडेच नेतो. डावा फाटा मेला आहे. पुढे नुसता खड्डा."

बाई आधी उजवीकडे गेल्या. छतापर्यंत घरटीच घरटी, आणि खाली विष्ठेचा इतका जाड थर की पाय रुतत होते. वास डोळ्यांत जात होता. दिवा वर केल्यावर शेकडो चिमुकले पक्षी फडफडत फिरू लागले.

"यांना काळोखात दिसतं?"

"दिसत नाही. टकटक असा आवाज काढतात आणि तो भिंतीवर आपटून परत आला की त्यांना वाट कळते." लेकीने दिवा खाली घेतला. "बाबा पर्यटकांना हेच सांगायचे."

मग त्या डाव्या फाट्यात शिरल्या. इथे दगड स्वच्छ होता. बाईंनी वाकून हात फिरवला. तळवा ओला झाला, पण मळला नाही. छतावर एकही घरटं नाही, भिंतीवर एकही डाग नाही. खड्ड्याच्या अलीकडे, डोक्याच्या उंचीवर दगडात एक कपार होती. तिच्या कडेला चिकटपट्टीचा बोटभर तुकडा लोंबत होता. बाईंनी तो काढून रुमालात गुंडाळला.

"इथे पाकोळ्या कधी येतात?"

"कधीच नाही. माझ्या जन्मापासून तरी नाही."

बाई बराच वेळ त्या स्वच्छ दगडाकडे बघत राहिल्या. इथे पक्षीच नव्हते, तर काल नावाड्याने कुणाचा कलकलाट ऐकला?

४

"तो खोटं बोलत असेल," अधीक्षक म्हणाले.

"खोटं बोलणारा स्वतःच्या फायद्याचं बोलतो. या खोट्यात त्याचा काय फायदा? बरं, तुमचं आणि अण्णांचं कशावरून वाजलं?"

"तपासणीवरून. पुढच्या महिन्यात सगळ्या वाटाड्यांनी शहरात जाऊन तब्येत दाखवायची, असा वरून हुकूम आलाय. रक्तदाब, छाती, डोळे, गुडघे. सगळे तयार झाले. अण्णा म्हणाले, 'मी येणार नाही. माझी तब्येत हे जंगल ओळखतं.' मी म्हटलं, मग घरी बसा. त्यावर ते जे तडकले… त्यानंतर मी त्यांच्याशी बोललोच नाही." अधीक्षकांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "आठवडाभर. एवढ्याशा जागेत, रोज समोर दिसत असताना."

पाकोळी मास्तर आपल्या खोलीत सामान आवरत होते. जेवताना सगळ्यांना शिकवणी देणारा हा तरुण आता विचारलं तेवढंच बोलत होता. उजव्या फाट्याचं छत तडकलंय, पाऊस झाला की घरटी पिल्लांसकट खाली पडतात, वस्ती वाचवायला काहीतरी केलं पाहिजे, एवढं त्याने सांगितलं.

"नावाडी गेल्यावर तुम्ही तिथे एकटेच होतात?"

"हो."

"पाकोळ्यांचा आवाज येत होता?"

त्याने पेटीचं झाकण लावलं. "मी अण्णांकडे बघत होतो. बाकी काही आठवत नाही."

शेवटी बाई अण्णांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या. बाईंनी बसायला खुर्ची ओढली आणि थोड्या वेळाने खिडकीशी जायला उठल्या, तर लेकीने खुर्ची उचलली आणि होती तिथे, अगदी भिंतीला टेकवून ठेवली. मग आपण काय केलं ते लक्षात आल्यासारखी ती तशीच उभी राहिली.

खुंटीवर अण्णांची दुर्बीण होती. पट्टा घामाने काळा पडलेला. रोज गळ्यात असायची. सकाळीच विश्रामगृहात एका वयस्क पर्यटक बाईने सांगितलं होतं, "काय नजर हो त्यांची! मला नुसती पानं दिसत होती. त्यांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, धनेशाची मादी आहे, डाव्या फांदीवर."

इन्स्पेक्टरबाईंनी ती दुर्बीण डोळ्यांना लावली. समोरचं झाड दिसेना, आभाळ दिसेना. दोन्ही भिंगांच्या आत बुरशीची जाळी माजली होती. करड्या धुक्यापलीकडे काहीही नव्हतं.

५

बाईंनी दुर्बीण खुंटीला परत लावली.

"तुम्हाला एक गोष्ट सांगते," त्या लेकीला म्हणाल्या. "विमानातून उतरल्यापासून माझा डावा कान ठार बंद आहे. सर्दी. सकाळपासून मी सगळ्यांच्या डाव्या बाजूला बसतेय, ओठांकडे बघून माना डोलावतेय. तुम्ही धनेशाचं विचारलंत तेव्हा मी बेधडक हो म्हटलं. तुमच्या लक्षात आलं?"

लेकीने मान हलवली. नाही.

"कुणाच्याच आलं नाही. एका दिवसात मी इतकं लपवायला शिकले. अण्णांना किती वर्षं मिळाली होती?"

लेक खाली बसली, जमिनीवरच.

"चार," ती म्हणाली. "आधी काळोखात दिसेना. मग बाजूचं. मग उजेडातही नुसत्या सावल्या. पण जंगल पाठ होतं हो त्यांना. कुठला पक्षी, कुठल्या झाडावर, सगळं कानाने. मी पुढे चालायची. हा पिवळा कोट त्यांना अंधुक दिसायचा, आणि काळोखात बुटांचा आवाज. कुणाला कळलं नाही. काकांना कळलं होतं, एकदाच."

"आणि काल सकाळी तुम्ही पुढे नव्हतात."

लेकीने तोंड फिरवलं. मग बोलली ती भिंतीकडे बघून.

"परवा संध्याकाळी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तपासणीत कळणारच आहे, त्यापेक्षा आपणच साहेबांना सांगू. ते ऐकेनात. म्हणाले, घरी बसून मी काय करू, भिंती चाचपू? मी चिडले. म्हटलं, उद्यापासून मी तुमचे डोळे होणार नाही. जा एकटे." तिने ओढणीने तोंड पुसलं. "सकाळी मी जागी होते. ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. हाक मारली नाही. मीही डोळे मिटून पडून राहिले. मग पायऱ्या उतरल्याचं ऐकलं."

बाहेर पाऊस सुरू झाला. पत्र्यावर त्याचा ताशा वाजू लागला.

"बाई, हे लिहू नका," लेक म्हणाली. "लोक म्हणतील, आंधळा माणूस आम्हाला कड्याकपारींतून हिंडवत होता. तीस वर्षं कुणाला खरचटूही दिलं नाही त्यांनी. तेवढं तरी राहू द्या."

"त्यांना खड्ड्याकडे कुणी नेलं ते तुम्हाला कळायला नको?"

लेकीने वर पाहिलं. "नेलं?"

६

दुपारी विश्रामगृहाच्या जेवणघरात पाच जण बसले होते. अधीक्षक, नावाडी, मास्तर, अण्णांची लेक आणि इन्स्पेक्टरबाई. पर्यटकांना व्हरांड्यात पाठवलं होतं.

"दिव्याचं कोडं सोपं होतं," बाई म्हणाल्या. "अण्णांना दिसत नव्हतं. दिवा पेटवून त्यांना काही फरक पडला नसता."

अधीक्षक ताडकन उठले आणि लेकीचा चेहरा बघून पुन्हा बसले. नावाड्याने मान खाली घातली.

"भिंतीला हात लावून ते दोन वळणं पार करू शकत होते. पण मधल्या मोठ्या पोकळीत धरायला भिंत नाही. रोज तिथे लेकीच्या बुटांचा आवाज असायचा. काल नव्हता. मग दुसरं काय होतं? पाकोळ्या. उजव्या फाट्यात पाकोळ्या, डाव्यात शुकशुकाट. पक्ष्यांच्या आवाजाकडे चालत गेलं की वाट बरोबर. माझी खात्री आहे, अण्णा तसेच गेले. पक्ष्यांकडेच गेले."

"पण उजवीकडे न जाता…" अधीक्षक म्हणाले.

"उजाडताना बहुतेक पाकोळ्या चरायला बाहेर पडतात आणि ऊन वर आल्यावर पिल्लांकडे परततात, हो ना मास्तर? तोवर आत उरतो तो पिल्लांचा बारीक चिवचिवाट. आणि काल त्याच वेळी डावीकडून मोठा कलकलाट येत होता. तो तुम्ही ऐकलात," त्या नावाड्याकडे वळल्या. "तुम्ही माणसं घेऊन परत आलात तेव्हाही तो होता का?"

नावाडी आठवू लागला. "नाही," तो सावकाश म्हणाला. "तेव्हा चिडीचूप होतं. नुसतं पाणी ठिबकत होतं."

"खरे पक्षी असते तर माणसांच्या गर्दीने आणखी बिथरले असते. हे एकदम गप्प झाले. खाली विष्ठेचा ठिपका नाही, वर घरटं नाही. आणि कपारीपाशी हे होतं." त्यांनी रुमाल उलगडून चिकटपट्टीचा तुकडा टेबलावर ठेवला. "मधल्या वेळात तिथे एकच माणूस होता."

मास्तर रडू लागला. आधी आवाज न करता, मग लहान मुलासारखा.

"मला त्यांना वाचवायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे पाकोळ्यांना. छत कधीही कोसळेल. वस्तीचा आवाज दुसरीकडे वाजवला की पक्षी हळूहळू तिकडे राहायला जातात, असं करून पाहिलंय लोकांनी. म्हणून मी कपारीत छोटा स्पीकर लावला. आत जायला दोरी सोडली, पुन्हा बांधायची राहिली. म्हटलं, अण्णांना माहीत आहे तो फाटा, ते कशाला जातील? त्यांना दिसत नाही हे मला कुठे माहीत होतं? खाली त्यांना बघितलं आणि वर तो आवाज चाललाच होता… मी काढून खिशात घातला. का, ते माझं मलाच कळलं नाही."

"वाटाड्यांना सांगायला हवं होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की सगळे दचकले. "एक शब्द."

मास्तरने अधीक्षकांकडे पाहिलं, आणि मग बाकीच्यांनीही.

"सांगितलं होतं मला," अधीक्षक म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "परवानगी मीच दिली. वाटाड्यांना कळवतो म्हणालो. बाकीच्यांना कळवलं. अण्णांना…" त्यांनी लेकीकडे पाहिलं. "आमचं बोलणं बंद होतं ना. म्हटलं, राग निवळला की सांगू. आज बाईंपुढेही कबूल करायचा धीर झाला नाही, उलट नावाड्यालाच खोटं पाडलं."

"मला कुणी सांगितलं नाही," लेक म्हणाली.

"मला वाटलं, तुला सांगितलं तर ते समजतील, मी निरोप पाठवून कमीपणा घेतला."

नावाडी खुर्ची मागे सारून उठला. तो अधीक्षकांच्या अंगावर धावून जाईल असं बाईंना वाटलं. पण तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"दोन वर्षांपूर्वी," बाहेर बघत तो म्हणाला, "धबधब्याच्या कड्यावर दादा एका पर्यटकाला म्हणाला, 'या, आणखी पुढे या.' पुढे जमीनच नव्हती. मी त्या माणसाची कॉलर धरून मागे ओढला. तेव्हा कळलं मला. दादाला म्हटलं, काम सोड. तो म्हणाला, माझ्या घरात पाय ठेवू नकोस." त्याने नाक ओढलं. "नाही ठेवला. मी पण त्याचाच भाऊ."

७

खून कुणी केला नव्हता. तरी इन्स्पेक्टरबाईंनी अहवालात सगळं लिहिलं. डोळ्यांचंही. लेकीने पुन्हा विनवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धं लिहिलं तर दोष त्यांच्या माथी राहील. वाटाड्याच स्वतःची वाट चुकला म्हणतील." लेकीला ते पटलं नाही. बाई निघाल्या तेव्हा ती धक्क्यावर निरोप द्यायला आली नाही.

मास्तरवर पुरावा लपवल्याचा खटला झाला. त्याने काहीच नाकारलं नाही. अधीक्षकांनी बदली मागून घेतली. जाण्याआधी ते दोनदा अण्णांच्या घरापर्यंत आले आणि पायऱ्यांपासूनच परत गेले. बातमी पसरल्यावर काही पर्यटकांनी आरडाओरडा केला. एका माणसाने मात्र लांबून येऊन लेकीला सांगितलं की जंगल कसं ऐकायचं ते मला तुमच्या बाबांनी शिकवलं. ती त्याच्याशी नीट बोलू शकली नाही.

पुढच्या पावसात उजव्या फाट्याचं छत खाली आलं. पाकोळ्या पांगल्या. कुठे गेल्या ते कुणालाच सांगता आलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी नावाडी भावाच्या घराशी आला. दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. आत यायला धजेना.

लेक चहा गाळत होती. तिने मान वर करून त्याला पाहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "तेव्हाच चारचौघांना सांगायला हवं होतं मी. मार खाल्ला असता दादाचा, पण सांगायला हवं होतं. आपल्याच माणसाची अब्रू म्हणून गप्प बसलो. वर रुसून बसलो."

तो वाट बघत होता. जाऊ द्या काका, तुमचा काय दोष, असं काहीतरी ती म्हणेल, असं त्याला वाटत असावं.

"हो काका," लेक म्हणाली. "सांगायला हवं होतं. मीही त्या सकाळी उठायला हवं होतं."

मग तिने फळीवरून दुसरा कप काढला, विसळला आणि त्यातही चहा ओतला.

"आत या," ती म्हणाली. "थंड होईल."